मस्कीसाठी परवडणारा रॉड घेताय? या चुका टाळा

मिनेसोटात नव्याने आलेली आपली मराठी मंडळी पहिल्या एक-दोन उन्हाळ्यांत सनफिश आणि बासवर हात बसवतात. मग कुणीतरी त्यांना मस्की या गोड्या पाण्यातल्या मोठ्या शिकारी माशाचा फोटो दाखवतं. बदकाच्या चोचीसारखा चपटा जबडा, अंगावर उभे पट्टे, लांबी चार फुटांवर. त्याच आठवड्यात मला फोन येतो, "दादा, सव्वाशे-दीडशे डॉलरमध्ये बसेल असा मस्की गरवायचा रॉड सांग ना."

बसतो. तेवढ्या पैशांत आज खरंच चांगला रॉड मिळतो, त्यासाठी चारशे डॉलर घालवायची गरज नाही. पण त्याच पैशांत अगदी चुकीचा रॉडही मिळतो, आणि दुकानाच्या भिंतीवर दोघे शेजारी शेजारी टांगलेले असतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मासा बघून रॉड घेणं

ही सगळ्यात मोठी चूक. बाकीच्या निम्म्या चुका हिच्यातूनच निघतात. चाळीस पौंडांचा मासा ओढायचा म्हणून दणकट रॉड हवा, असा हिशोब डोक्यात असतो. पण मस्कीला इथे दहा हजार फेकींचा मासा म्हणतात. मासा गळाला लागतो तो पाच-सात मिनिटांपुरता. उरलेले आठ तास तुम्ही फक्त फेकत आणि ओढत असता. तेव्हा तुम्ही दिवसभर काय फेकणार आहात, ते बघून रॉड निवडा.

मी रेवदंड्याच्या खाडीत जिताडा गरवत मोठा झालो. तिथला सात फुटी स्पिनिंग रॉड मी सोबत आणला होता आणि त्याच्यावर माझा पूर्ण विश्वास होता. जिताड्याने तो कधी मोडला नाही, मग मस्की काय मोडणार? पहिल्याच मोसमात त्याला दोन मोठ्या पात्यांचा बकटेल, म्हणजे केसांचा झुपका आणि फिरणारी धातूची पाती असलेलं आमिष, बांधला. दहा नंबरच्या जोडपात्यांचा बकटेल सुमारे अडीच ते तीन औंसांचा असतो, म्हणजे सत्तर-ऐंशी ग्रॅम. माझ्या रॉडवर मर्यादा लिहिली होती दीड औंस. दोन दिवस तो वाकून वाकून फेकत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी, फेक अर्ध्यात असताना, शेंड्यापासून हातभर खाली वाळकी काटकी मोडावी तसा मोडला. मासा जवळपासही नव्हता.

म्हणून आधी आमिषांची वजनं लिहून काढा. बकटेल आणि पाण्यावर चालणारी मध्यम आमिषं दोन ते चार औंस. मोठी रबरी आमिषं सहा ते आठ औंस. त्याच्याही वर 'पाउंडर' म्हणतात ती, नावाप्रमाणे 16 औंसांची. ती पहिल्या वर्षी विसरून जा. तिच्यासाठी रॉडच वेगळा लागतो, आणि तो स्वस्तातल्यांत शोधण्यात अर्थ नाही.

एकच रॉड घ्यायचा असेल, तर दोन-तीन ते आठ औंस मर्यादा लिहिलेला एक्स्ट्रा हेवी कास्टिंग रॉड (ज्याच्यावर रील वरच्या बाजूला बसतं तो) घ्या. मात्र वरचा आकडा शब्दशः घेऊ नका. तीन ते आठ लिहिलेला रॉड चार ते सहा औंसांत खुलतो. आठ औंसाचं आमिष तो फेकतो, पण तेव्हा फेक झटक्याने मारायची नाही, लांब आणि संथ घ्यायची.

'हेवी' या शब्दावर विसंबणं

मीडियम हेवी, हेवी, एक्स्ट्रा हेवी या शब्दांचं सगळ्या कंपन्यांना लागू असं एक माप नाही. बासच्या रॉडवरचं 'हेवी' आणि मस्कीच्या रॉडवरचं 'हेवी' यांत तर जमीन-अस्मानाचा फरक. मुठीच्या वर बारीक अक्षरांत लिहिलेली आमिषाच्या वजनाची आणि लाईनची मर्यादा वाचा. ती लिहिलेलीच नसेल, तर रॉड परत भिंतीवर ठेवा.

आखूड रॉड

पूर्वी इथे सहा-साडेसहा फुटांचे ताठ रॉड चालायचे, म्हणून सेकंडहँड बाजारात तसे भरपूर आणि स्वस्त मिळतात. ते का घेऊ नयेत हे कळण्यासाठी मस्कीची एक सवय माहीत हवी. ती आमिषामागे येते, थेट होडीपर्यंत येते, आणि तिथे थांबून बघत राहते. अशा वेळी आमिष पाण्याबाहेर काढायचं नसतं. रॉडचा शेंडा पाण्यात खुपसून होडीलगत इंग्रजी आठचा मोठा आकडा काढत राहायचं. लागणाऱ्या मस्कींपैकी बऱ्याच याच आकड्यात लागतात.

मिनेटोन्का तलावावर एका संध्याकाळी माझ्या हातात मित्राचा साडेसहा फुटी रॉड होता. आमिष होडीपासून दोन वाव अंतरावर आलं आणि त्याच्यामागे पाण्यात एक तपकिरी सावली दिसली. मी शेंडा पाण्यात घातला आणि वळवला. वळण झालं जेमतेम परातीएवढं. चार फुटांचं ते अंग तेवढ्यात कसं वळणार? तोंड आमिषाच्या एका बाजूने पुढे निघून गेलं. पांढरं पोट आणि तांबूस शेपटी एकदा दिसली आणि ती खाली गेली. तोच रॉड साडेआठ फुटांचा असता, तर शेंडा दोन फूट खोल ठेवूनही वळण अंगणाएवढं घेता आलं असतं, आणि तिला मागे यायला जागा मिळाली असती.

म्हणून आठ ते नऊ फूट. उंची कमी असेल किंवा होडी पाण्याला अगदी लागून असेल तर आठ, नाहीतर साडेआठ. साडेनऊ-दहा फुटी रॉडही निघालेत, पण स्वस्तातल्यांत ते शेंड्याकडे जड होतात आणि दुपारपर्यंत मनगट भरून येतं.

आपल्यातले बरेच जण अपार्टमेंटमध्ये राहतात आणि सेडान चालवतात. साडेआठ फुटांचा अखंड रॉड लिफ्टमध्ये आणि गाडीत न्यायचा म्हणजे रोजचं संकट. त्यासाठी दांडा मुठीत सरकून आखूड होणारे रॉड मिळतात. ते नसेल तर दोन तुकड्यांचा घ्या. तुकड्यांचा रॉड कमजोर असतो हा समज आता धरून बसण्यासारखा नाही. फक्त सांध्याकडे लक्ष हवं, त्याबद्दल खाली लिहितो.

महाग ग्राफाइटचा मोह

हलका, कडक, उच्च दर्जाच्या ग्राफाइटचा रॉड हातात घेतला की तोच हवासा वाटतो. पण ग्राफाइट जितकं कडक, तितकं ते ठोक्याला नाजूक. पाच औंसांचं आमिष होडीत झुलताना दांड्यावर एकदा आपटलं की दिसणारही नाही असा टवका उडतो आणि महिन्याभराने तिथेच रॉड जातो. पहिल्या रॉडसाठी ग्राफाइट आणि फायबरग्लास मिसळलेला कॉम्पोझिट दांडा मी बिनदिक्कत सुचवतो. तो थोडा जड असतो, पण नवख्याच्या चुका पोटात घालतो.

मूठ न बघणं

दोन्ही हातांनी फेकायचं असल्यामुळे रीलच्या मागची मूठ लांब हवी. पण इतकीही लांब नको की आकडा काढताना ती लाइफ जॅकेटमध्ये अडकेल. दुकानात जॅकेट घालून बघा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कॉर्क की फोम हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न.

सगळे पैसे रॉडवर घालवणं

हा मुद्दा मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. तुमच्याकडे चारशे डॉलर असतील, तर रॉडवर दीडशेच्या वर जाऊ नका. उरलेल्यातून बळकट कास्टिंग रील, 80 पौंडांचा ताण सोसणारी ब्रेडेड (विणलेली) लाईन, 100 ते 130 पौंडांचे फ्लुरोकार्बनचे किंवा तारेचे लीडर (मस्कीच्या दातांनी लाईन तुटू नये म्हणून आमिषाच्या आधी लावायचा तुकडा), लांब पक्कड, गळ कापायची कातर आणि मोठं रबर चढवलेलं जाळं घ्यायचं आहे. रील, जाळं किंवा पक्कड सेकंडहँड घेतली तरी चालेल, पण ती नसताना मस्कीवर जाऊ नका.

कारण असं, की पन्नास इंचांची मादी व्हायला बारा-पंधरा वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. मिनेसोटात 54 इंचांखालची मस्की ठेवताच येत नाही, आणि त्याहून मोठी लागली तरी इथले बहुतेक गरवणारे ती सोडून देतात. 1966 साली मिनेसोटात सुरू झालेल्या 'मस्कीज इंक' या संस्थेने ही सोडून देण्याची रीत रुजवायला मोठा हातभार लावला. पण मासा सोडला म्हणजे जगला असं नाही. लेचापेचा रॉड आणि बारीक लाईन घेऊन तुम्ही तिला वीस मिनिटं दमवलीत, तर ती पोहत जाते आणि नंतर खाली जाऊन मरते. पुरेसा दणकट रॉड हवा तो मुख्यतः यासाठी, की तिला लवकर जाळ्यात आणता यावं. जाळं पाण्यातच ठेवा आणि गळ तिथेच सोडवा. गळ खोल असेल तर ओढत बसू नका, कातरीने तोडा. पाणी 80 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण 27 सेल्सिअसच्या जवळ गेलं, की त्या आठवड्यात मस्कीवर जाऊच नका. तेव्हा बास गरवा.

वापरलेला रॉड घेताना

जुन्या सामानात खरंच सोनं सापडतं. हेवर्ड, विस्कॉन्सिन भागात उन्हाळ्यात गॅरेज सेल फिरलात तर हमखास. या गावात गोड्या पाण्यातल्या मासेमारीचं संग्रहालय आहे आणि त्याच्या अंगणात 143 फूट लांबीची मस्कीची प्रतिकृती आहे, तेव्हा तिथल्या गॅरेजांत काय पडलेलं असेल याची कल्पना करा.

एक कापसाचा बोळा खिशात ठेवा. रॉडवरच्या, लाईन जिच्यातून जाते त्या प्रत्येक कडीच्या आतून तो फिरवा. धागा अडकला तर कडीच्या चिनी मातीला चीर आहे, आणि ती चीर ब्रेडेड लाईन करवतीसारखी कापणार. मग दांडा उजेडात हळूहळू फिरवत नखाने चाचपा. कुठे खड्डा, पांढुरका डाग किंवा आडवी रेघ लागली तर सोडून द्या. सगळ्यात वरची कडी बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसत असेल, तर शेंडा कधीतरी मोडून आखूड केला आहे का, ते लांबी मोजून बघा. बहुतेक कंपन्यांची वॉरंटी पहिल्या खरेदीदारापुरतीच असते, तेव्हा किंमत करताना ती धरू नका.

रॉड घेतल्यानंतरच्या अडचणी

फेकताना शेंडा मोडला, तर शंभरातल्या बहुतेक वेळा लाईन शेंड्याभोवती गुंडाळलेली असते. वारा असेल तेव्हा हे फार होतं. प्रत्येक फेकीआधी शेंड्याकडे एक नजर टाकायची सवय लावा.

फेकताना 'टक्' असा आवाज येतोय? दोन तुकड्यांच्या रॉडचा सांधा सैल झालाय. तसंच फेकत राहिलात तर तिथेच फाटेल. तासाभराने सांधा पिळून घट्ट करा आणि मोसमात एक-दोनदा त्यावर मेणबत्तीचं मेण हलकंसं घासा. आवाज रीलखालून येत असेल तर रील रॉडवर धरून ठेवणारी चकती आवळा. ती दिवसभरात आपोआप सैल होते.

आमिष लाईन तोडून उडून जात असेल तर दोष रॉडचा नसतो. रीलवर गुंता झाला की वेगातलं जड आमिष झटक्याने थांबतं, आणि 30-40 पौंडांची लाईन तो झटका सोसत नाही. इथे 80 पौंडांखाली येऊ नका. ते तुटलेलं आमिष तीन-तीन तोंडांचे गळ घेऊन तलावात पडून राहतं, हेही लक्षात असू द्या.

खांदा दुखत असेल तर आधी आमिष हलकं करून बघा. तरीही दुखलं, तर फेक एका हाताने होतेय. खालच्या हाताने बूड स्वतःकडे ओढा आणि वरच्या हाताने फक्त दिशा द्या.

मासा होडीजवळ आल्यावर रॉड मोडला, तर तुम्ही तो डोक्यावर उभा धरला होता. तसं धरलं की सगळा भार शेंड्याच्या पातळ भागावर येतो. रॉड आडवा, कमरेच्या उंचीवर ठेवा, मासा वळेल तसं वळा, आणि जाळं धरणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की तोंड जाळ्याकडे आल्याशिवाय पुढे झुकायचं नाही.

दुकानात जाताना आपलं रील आणि एक चार औंसाचं आमिष, गळ काढून, सोबत न्या. दुकानदाराला विचारून ते रॉडवर चढवा, आमिष शेंड्यापासून हातभर लोंबू द्या आणि रॉड पाच मिनिटं तसाच हातात धरून इकडेतिकडे बघत उभे राहा. शेंडा आपोआप जमिनीकडे झुकायला लागला आणि मनगट त्याला सावरत बसलं, तर पुढचा रॉड मागा.