चोखंदळ कासवाला सगळं खायला कसं लावायचं

घरातल्या काचेच्या टाकीत दिसणारं कासव बहुतेक वेळा रेड-इअर्ड स्लायडर असतं. डोळ्यामागे लाल पट्टा, पोटाकडचं कवच पिवळं. मूळचं ते अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं, गोड्या पाण्यातलं. पुढचं सगळं याच जातीबद्दल आहे. तुमच्याकडे पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव किंवा तळ्यातून उचलून आणलेलं देशी कासव असेल, तर आहाराचा विचार नंतर. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे ती घरात ठेवणं गुन्हा आहे. आधी वनविभागाशी बोला.

स्लायडर पाळणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: सुकी कोळंबी टाकली की झडप घालतं, बाकी कशालाही तोंड लावत नाही. यात कासवाच्या स्वभावाचा भाग थोडा. बहुतेक वेळा पाणी गार असतं, नाहीतर पोट आधीच भरलेलं असतं. म्हणून खाण्याचे डबे बदलण्याआधी टाकी तपासा.

आधी थर्मामीटर

कासवाच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही. भूक लागणं आणि खाल्लेलं पचणं, दोन्ही बाहेरच्या उष्णतेवर चालतं. मोठ्या स्लायडरसाठी पाणी २४ ते २७ अंश सेल्सिअस हवं. पिल्लांसाठी २६ ते २८. पाणी २० अंशांच्या आसपास आलं की भूक मंदावते, आणि त्याहून गार पाण्यात खाल्लेलं पोटात तसंच पडून सडू शकतं. डिसेंबर-जानेवारीत नाशिक, पुणे, नागपूरकडे रात्रभरात टाकी सहज इतकी गार होते. 'थंडीत जेवत नाही' याचं कारण तेच. दर लिटरला साधारण १ वॉट या हिशोबाने हीटर घ्या, म्हणजे १०० लिटर पाण्याला १०० वॉट. त्याला प्लॅस्टिकची जाळी हवीच, नाहीतर कासव धडका मारून हीटरची काच फोडतं.

ऊन खायला बसायची फळी पूर्ण कोरडी आणि दिव्याखाली ३० ते ३३ अंश असावी. वर यूव्हीबी (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा) दिवा लावा. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन या कामाचं नाही, कारण काच यूव्हीबी अडवते. दिवा पेटत असला तरी त्यातली यूव्हीबी हळूहळू संपते, म्हणून तो ६ ते १२ महिन्यांनी बदलायचा. यूव्हीबी नसेल तर जीवनसत्त्व ड-३ तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही, कवच आणि जबडा मऊ पडतो. मऊ जबड्याचं कासव कडक दाणा (कासवांसाठी मिळणारं तयार खाद्य) टाळणारच. त्याला नखरे म्हणण्यात अर्थ नाही.

डोळे सुजून मिटले असतील तर ते बहुधा जीवनसत्त्व अ कमी पडल्याचं लक्षण आहे. कासव खाणं बघून टिपतं. दिसलं नाही तर उपाशी राहतं. एका अंगावर कलून तरंगणं, नाकातून बुडबुडे, तोंड उघडं ठेवून श्वास, ही फुप्फुसाच्या आजाराची चिन्हं. अशा वेळी सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याकडेच जा. जीवनसत्त्व अ चं इंजेक्शन कुणाच्या सांगण्यावरून परस्पर देऊ नका; प्रमाण जास्त झालं तर कातडी सोलून निघते. मोठी मादी अचानक खायची थांबली आणि मागच्या पायांनी सारखं उकरत असेल, तर तिला अंडी घालायची असतील. नर नसला तरी मादी अंडी घालते. तिला २० ते २५ सेंटिमीटर खोल ओलसर वाळू-माती भरलेलं घमेलं किंवा टब द्या.

किती आणि कधी

पाळीव कासवं उपाशी राहण्यापेक्षा अतिखाण्याने जास्त बिघडतात. माणूस टाकीजवळ आला की ते मान वर काढून हातपाय मारतं, आपल्याला दया येते, आणि दिवसातून चार वेळा चिमूट पडते. मग भाजी कोण खाणार?

माप सोपं आहे: मान सोडून नुसतं डोकं जेवढं, तेवढ्याच आकाराचा दाण्यांचा ढीग. १० सेंटिमीटरपेक्षा लहान कासवाला हे रोज; त्याहून मोठ्याला एक दिवसाआड; पूर्ण वाढलेल्याला आठवड्यातून दोन-तीनदा. पिल्लू असताना स्लायडर मुख्यतः मांसाहारी असतं आणि वाढेल तसं पाल्याकडे वळतं. म्हणून मोठ्याच्या आहारात निम्म्याहून जास्त हिरवं असलं पाहिजे आणि ते रोज टाकीत तरंगत राहिलं पाहिजे. मासा, गांडूळ, कोळंबी असं काही आठवड्यातून एकदा पुरे. हातपाय आत ओढल्यावर कडेने चरबीचे गोळे बाहेर येत असतील तर दाणे कमी करा.

खाणं नेहमी पाण्यातच द्या. स्लायडरला गिळायला पाणी लागतं. फळीवर ठेवलेलं ते उचलेल, पण पाण्यात नेऊनच खाईल. वेळ सकाळची, दिवा लागून तास-दोन तास झाल्यावर.

सुक्या कोळंबीची सवय मोडताना

दुकानात पारदर्शक डबीत मिळणारी ती गुलाबी कोळंबी चविष्ट आहे, पण एवढ्यावर जगणाऱ्या कासवाला जीवनसत्त्व अ आणि कॅल्शियम दोन्ही कमी पडतात. रोजच्या आहाराचा पाया म्हणजे जलचर कासवांसाठी बनवलेले दाणे: पिल्लांसाठी ३५-४० टक्के प्रथिनांचे, मोठ्यांसाठी २५-३० टक्क्यांचे. माशांचं खाद्य चालणार नाही.

कोळंबी एकदम बंद केली तरी निरोगी मोठं कासव आठवडाभर न खाता राहू शकतं, आणि त्याच्या हट्टापुढे माणूसच आधी नमतो. त्यामुळे बदल टप्प्याने करा. पहिले दोन दिवस काहीच देऊ नका (हे मोठ्यासाठी, पिल्लाला एकच दिवस). तिसऱ्या दिवशी कोळंबीची पूड करा, थोड्या कोमट पाण्यात कालवा आणि त्यात दाणे १० मिनिटं भिजवा. दाणा फुगतो, वास धरतो. १५ मिनिटांत खाल्लं नाही तर जाळीने सगळं काढून घ्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत दुसरं काही देऊ नका. ही पायरी बहुतेक जण गाळतात: दाणे नाकारले की संध्याकाळी कोळंबी टाकतात, आणि कासव तेवढं बरोबर शिकतं. खायला लागलं की दर तीन-चार दिवसांनी पूड निम्मी करत न्या.

पाल्यासाठी रंग मदतीला येतो. लाल-पिवळ्याकडे स्लायडर चटकन वळतात, म्हणून सुरुवात जास्वंदीच्या पाकळीने किंवा किसलेल्या गाजराने करा. मग त्याच वेळी पान द्या, तेही दाणे द्यायच्या आधी, भुकेच्या वेळी. पान नुसतं तरंगत ठेवण्यापेक्षा चिमट्याने काचेला अडकवलं की ओढून तोडायला सोपं जातं.

तोंड उघडून कोंबायचा प्रयत्न मात्र नको. जबडा दुखावतो, आणि अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं.

चायना ग्रासच्या वड्या

वेगळं ठेवलेलं निवडून टाकणाऱ्या कासवासाठी सगळं एकत्र जमवलेली वडी हा सगळ्यात भरवशाचा उपाय आहे. जिलेटिन कोमट पाण्यात मऊ पडून विरघळायला लागतं; चायना ग्रासची वडी टिकते.

५ ग्रॅम चायना ग्रास १५० मिलिलिटर पाण्यात अर्धा तास भिजवा आणि पूर्ण विरघळेपर्यंत उकळा. दरम्यान ५० ग्रॅम बारीक चिरलेला पाला, ५० ग्रॅम उकडून कुस्करलेला लाल भोपळा, ५० ग्रॅम बिनमिठाचा उकडलेला मासा किंवा कोळंबी, ५० ग्रॅम दाण्यांची पूड आणि अर्धा चमचा अंड्याच्या टरफलाची पूड एकत्र करा. टरफल दहा मिनिटं उकळून, वाळवून मिक्सरमध्ये पिठासारखं दळायचं. चायना ग्रास गॅसवरून उतरवून हाताला सोसेल इतकं निवू द्या, मगच मिश्रणात ओता. फार गरम असताना ओतलं तर दाण्यातली जीवनसत्त्वं कमी होतात; फार थांबलात तर पातेल्यातच गोठतं. ताटलीत थापा, सेट झालं की १ सेंटिमीटरच्या वड्या पाडा.

फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकतात. फ्रीजरमध्ये ठेवू नका. वितळताना पाणी सुटतं आणि वडी चुरते. पहिल्या खेपेला माशाचं प्रमाण वाढवून भोपळा कमी घ्या, नंतर उलट करत जा.

बाजारातून काय आणावं

शेवग्याचा पाला, मेथी, जास्वंदीची पानं, रोमेन लेट्यूस नेहमी चालतात. नाळेची भाजी मिळाली तर अधूनमधून द्या. पालक, माठ आणि चुक्यात ऑक्झॅलेट भरपूर, ते कॅल्शियम अडवतं, म्हणून क्वचितच. कोबी-फ्लॉवर थोडाच. आइसबर्ग लेट्यूस म्हणजे नुसतं पाणी. फळ पंधरा दिवसांतून एखादा तुकडा. गोठ्यासाठी अझोला (पाण्यावर तरंगणारी बारीक वनस्पती) वाढवणारे ओळखीचे असतील तर मूठभर मागून आणा, पण शेणाच्या खड्ड्यातला थेट टाकू नका. धुऊन आठवडाभर स्वच्छ पाण्याच्या टबात वाढवा. नदीतली जलपर्णी कासवं आवडीने खातात, पण शहराजवळच्या नदीतली नको, ती सांडपाण्यातले जड धातू शोषून घेते.

गांडूळखताच्या बेडमधली लाल गांडुळं दाबली की पिवळट, वासाचा द्रव सोडतात. कासवाने ती थुंकली तर नवल नाही. रासायनिक खत किंवा फवारणी नसलेल्या मातीतली साधी गांडुळं द्या. गोल्डफिश आणि कार्प कुळातल्या काही माशांत थायमिनेज असतं, ते जीवनसत्त्व ब-१ नष्ट करतं. त्यापेक्षा गप्पी बरे. भात, पोळी, ब्रेड, दूध, पनीर, मीठ-मसाल्याचं काही, यातलं काहीही नको. कॅल्शियमसाठी पक्ष्यांच्या दुकानातला समुद्रफेस पाठीचा कडक भाग काढून टाकीत तरंगत ठेवा. लागेल तसं कासव कुरतडतं.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन करा (खाली वेगळी ताटली, जी पुन्हा जेवणाला वापरायची नाही) आणि ग्रॅममध्ये लिहून ठेवा. १० टक्के घट झाली, किंवा पिल्लाने चार दिवस काहीच खाल्लं नाही, तर डॉक्टर गाठा. कासवाला हात लावल्यावर साबणाने धुवा. कासवाच्या अंगावर असणाऱ्या साल्मोनेला या जंतूचा संसर्ग मुलांना लवकर होतो, आणि याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. दाण्यांची छोटी पाकिटंच घ्या. पावसाळ्यात उघडं पाकीट दमट होऊन बुरशी धरतं, आणि तसा दाणा कासवाने नाकारला तर त्याचंच बरोबर आहे.