निवडणुकीवरचा विनोदी सिनेमा लिहिताय? या चुका टाळा

गावची निवडणूक, समोरासमोर दोन उमेदवार, एक वाड्यातला आणि दुसरा त्याचाच चुलतभाऊ. एवढं सुचलं की पटकथा सुरू होते आणि विसाव्या पानावर हसू आटतं. मग लिहिणारा विनोद वाढवायला जातो. कुणाचं धोतर सुटतं, कुणी शेणात पडतं. दुखणं बहुतेक वेळा दोन्ही पुढाऱ्यांच्या घडणीत असतं.

दोघांनाही बावळट करू नका

सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. मूर्ख माणूस फसला तर त्यात गंमत काय, तो फसणारच. गावात दोनदा निवडून आलेला माणूस बावळट नसतो. कुणाच्या बांधावरून कुणाचं बोलणं बंद आहे, कोण कुणाच्या शब्दाबाहेर नाही, कुठल्या घरात चूल वेगळी झाली पण मत एकच पडतं, हे त्याला तोंडपाठ असतं. अशा माणसाची हुशारी त्याच्याच अंगलट येते तेव्हा प्रेक्षक मनापासून हसतो.

समजा, एका आजीचा दहावा आहे. नदीकाठी पिंड ठेवलाय, कावळा काही शिवत नाही. दोन्ही उमेदवार कार्यकर्त्यांसह हजर, कारण त्या घरात अकरा मतं आहेत. पहिला हात जोडतो, "आज्जी, नातवाला कारखान्यात चिकटवतो." कावळा फांदीवरच. दुसरा पुढे होतो, "आज्जी, वस्तीवर पाण्याची लाईन आणतो." कावळा मान वळवतो. ऊन चढतं, भटजी घड्याळ बघतात. शेवटी नातू कंटाळून पुटपुटतो, "आज्जे, मतदार यादीतनं तुझं नाव कमी करून घेतो," आणि कावळा झडप घालतो. दोन्ही उमेदवारांचे चेहरे एकदमच पडतात, कारण अकरातलं ते एक मत दोघांनीही धरलेलं होतं.

या प्रसंगात कुणीच मूर्ख नाही. दोघं आपापलं काम चोख करताहेत. मेलेल्या माणसाच्या नावावर मत पडतं, हे कुणी उच्चारतही नाही.

नियम माहीत नसताना लिहू नका

महाराष्ट्रात ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढवली जात नाही. पॅनेल असतात, आणि राज्य निवडणूक आयोगाच्या यादीतली मुक्त चिन्हं मिळतात. तरी पटकथेत सर्रास पक्षाचे झेंडे घुसतात. शाई डाव्या हाताच्या तर्जनीला लागते, पडद्यावर मात्र उजवं बोट नाचतं.

कथा कुठल्या वर्षातली आहे हेही ठरवा. थेट जनतेतून सरपंच २०१७ मध्ये आला, २०२० मध्ये ती पद्धत रद्द झाली, २०२२ मध्ये परत आली. थेट सरपंच नसेल तर खरी धमाल निकालानंतर सुरू होते: सदस्यांची सहल, बंद केलेले फोन, रात्रीत बदललेलं हॉटेल. थेट सरपंच असेल तर सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्याचं, असा पेच पाच वर्षं पुरतो. नियम ही अडचण वाटते, पण विनोदाची विहीर तिथेच आहे. समजा, एकाला चिन्ह मिळालं शिट्टी. आता विरोधी पॅनेल शाळेतल्या पीटीच्या सरांवर आचारसंहितेची तक्रार करणार की नाही?

अतिशयोक्तीच्या मागे लागू नका

वास्तव तुमच्या पुढे आहे. उमराणे (नाशिक) आणि खोंडामळी (नंदुरबार) इथे पदांचा लिलाव झाल्याचं समोर आलं आणि जानेवारी २०२१ मध्ये आयोगाने तिथली निवडणूकच रद्द केली. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेल्याच्या बातम्या होत्या. रायगडमध्ये २०१४ च्या लोकसभेला सुनील तटकरे २,११० मतांनी हरले आणि त्यांच्याच नावाच्या अपक्षाला ९,८४९ मतं पडली. हे कल्पनेतून लिहिलं असतं तर वाचणारा म्हणाला असता, जरा जास्तच झालं. म्हणून असा प्रसंग घेतलात तर संगीत, डोळे मारणं, उड्या, काही नको. अगदी सरळ चेहऱ्याने दाखवा.

मतदाराला गरीब गाय करू नका

लक्ष्मीदर्शन दोन्हीकडून घेणारा, एकाच्या ढाब्यावर जेवून दुसऱ्याच्या गाडीतून बूथवर येणारा मतदार खेळातला तिसरा गडी आहे. बेल-भंडारा उचलून दोन्ही पॅनेलना शब्द दिल्यावर त्याला रात्री झोप का लागत नाही, हे दाखवा. तिथे हसूही आहे आणि करुणाही.

सरपंच बाई असेल तर तिच्या अंगठ्यावरचा शिळा विनोद नको. पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. हसायचंच असेल तर तिच्या खुर्चीत बसून "आमच्या मॅडम म्हणाल्या" असं सांगणाऱ्या नवऱ्याला हसा.

भाषेबद्दल एवढंच: कोल्हापूर, अकोला आणि कुडाळ यांची मिळून एकच 'गावरान' बोली नसते.

शेवटी भाषण नको

प्रामाणिक मास्तर माईकवर येतो आणि लोकशाही समजावतो. हे पान फाडा. शेवट अडला असेल तर समसमान मतांचा विचार करा. २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात मतं खरोखर सारखी पडली आणि नगरसेवक चिठ्ठीने ठरला. तुमच्या गावातही बरणी येऊ द्या. दीड महिना पैसा, जात, भावकी, देव सगळं पणाला लावलेले दोन भाऊ एका घडी घातलेल्या कागदाकडे बघताहेत. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर ठेवा आणि चिठ्ठी उघडायची घाई करू नका.