सातपुड्याच्या कच्च्या वाटांसाठी साइडकारची जोडणी

जुन्या बुलेटला साइडकार जोडून ती शहाद्याहून तोरणमाळकडे किंवा रावेरहून पालकडे नेण्याचा विचार असेल, तर रंगरंगोटीआधी चाकांची जुळवणी तपासावी, कारण कच्च्या रस्त्यावर गाडीचा स्वभाव तिच्यावरच ठरतो. सपाट जमिनीवर मोटारसायकलच्या दोन्ही चाकांना लागून एक आणि साइडकारच्या चाकाला लागून दुसरी अशी सरळ पट्टी ठेवावी. दोन्ही पट्ट्यांमधील अंतर पुढच्या बाजूला मागच्यापेक्षा साधारण 10 ते 20 मिलिमीटर कमी असावे. पुढचे अंतर याहून फारच कमी झाले तर टायर लवकर झिजतो. शिवाय गाडी रिकामी उभी असताना मोटारसायकल साइडकारपासून किंचित बाहेर झुकलेली ठेवावी, म्हणजे माणूस व सामान बसल्यावर ती सरळ येते.

आपल्याकडे साइडकार डावीकडे असल्यामुळे डाव्या वळणावर तिचे चाक उचलले जाते, आणि घाटात हाच खरा धोका असतो. साइडकार रिकामी असेल तर तिच्या तळाशी, चाकाजवळ वाळूची पोती घट्ट बांधावीत आणि वळणापूर्वीच वेग कमी करावा. वेग वाढवताना गाडी डावीकडे, तर साइडकारच्या चाकाला ब्रेक नसेल तेव्हा ब्रेक लावल्यावर उजवीकडे ओढली जाते. ही सवय आधी मोकळ्या मैदानात करून घ्यावी. पावसाळ्यात तापीकाठची काळी माती मडगार्डमध्ये भरून चाक अडवते, म्हणून मडगार्ड उंच बसवावेत. असा बदल करण्यापूर्वी आरटीओची परवानगी आवश्यक आहे.