स्टेलारिस (अंतराळ साम्राज्यांचा कॉम्प्युटर गेम): शेजारी संरक्षण करार मान्य करत नव्हता, तो असा केला

लक्षण: शेजाऱ्याचं आपल्याबद्दलचं मत हिरवं, तरी डिफेन्सिव्ह पॅक्टला (संरक्षण कराराला) नकार. सलग दोन गेम यात वाया गेले.

एनर्जी क्रेडिट (गेममधलं चलन) भेट दिले. मत वाढलं आणि हळूहळू पुन्हा उतरलं. ताफा वाढवूनही उपयोग शून्य.

खरी गोम अशी, की 'ओपिनियन' (मत) आणि 'ट्रस्ट' (विश्वास) वेगळे. भेटीने ओपिनियन वाढतं, ट्रस्ट मात्र करार चालू असताना महिन्यागणिक साचतो. म्हणून क्रम महत्त्वाचा.

आधी गेम पॉज करा. कॉन्टॅक्ट्समधून (ओळखीच्या साम्राज्यांची यादी) शेजाऱ्याची खिडकी उघडून प्रस्तावावर माउस ठेवा; कोणत्या कारणाचे किती वजा, ते तिथेच आकड्यात दिसतं. मग एक एन्व्हॉय (दूत) 'इम्प्रूव्ह रिलेशन्स'वर लावा. लगेच 'गॅरंटी इंडिपेंडन्स' (त्याच्या स्वातंत्र्याची हमी) द्या. याला त्याची संमती लागत नाही, फक्त दरमहा इन्फ्लुअन्स (राजनैतिक प्रभावाचे गुण) जातो, आणि ट्रस्टचं मीटर इथूनच हलू लागतं. पुढे त्याचा रायव्हल (जाहीर प्रतिस्पर्धी) कोण ते बघा आणि तोच आपलाही रायव्हल जाहीर करा. समान शत्रूचा हा आकडा भेटींपेक्षा कितीतरी टिकाऊ. (तो शत्रू आपल्या सीमेला लागून असेल तर दोनदा विचार करा.) प्रस्तावावरच्या आकड्यांची बेरीज अधिकमध्ये आली की आधी नॉन-अ‍ॅग्रेशन पॅक्ट (अनाक्रमण करार). ट्रस्ट साचू द्या, अधूनमधून माउस ठेवून आकडा तपासा, आणि डिफेन्सिव्ह पॅक्ट सगळ्यात शेवटी.

फॅनॅटिक प्युरिफायरवर (इतर सगळे वंश संपवायला निघालेलं साम्राज्य) यातलं काहीच चालत नाही. आणि पॅक्ट झाल्यावर शेजाऱ्यावर हल्ला झाला, की युद्धात आपणही आलोच.