मत्स्यालयासाठी नदीकाठचे लाकूड कसे तयार करावे

पूर ओसरला की सांगलीजवळच्या हरिपूरला, जिथे वारणा कृष्णेला मिळते, काठावर वाहून आलेले बुंधे आणि मुळ्या अडकलेल्या दिसतात. ऊन-पाण्याने घासून निघालेले असे लाकूड मत्स्यालयात फार देखणे दिसते. मात्र ते तसेच टाकीत सोडले तर कुजून पाणी बिघडवते आणि मासे दगावतात, म्हणून तयारीला तीन-चार आठवडे द्यावेतच.

सर्वांत अधिक काळजी निवडीत घ्यावी. बाभूळ, चिंच, पेरू यांचे पूर्ण वाळलेले, नख न रुतणारे टणक लाकूड चांगले. कण्हेर विषारी आहे; चीक, राळ किंवा उग्र तेल असणारी झाडेही टाळावीत, आणि झाड ओळखता येत नसेल तर आकार कितीही आवडला तरी ते लाकूड घेऊ नये. तासगाव भागातील द्राक्षवेलींचे पिळदार बुंधे पाहून मोह होतो, पण बागांवर बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक फवारले जाते, त्यात मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार असतो, आणि तांब्याचा अल्प अंशही कोळंबी व गोगलगाईंना मारक ठरतो. शिवाय वेलीचे लाकूड पाण्यात लवकर कुजते. सागरेश्वर किंवा चांदोलीच्या संरक्षित जंगलातून मात्र काटकीही उचलू नये. तिथे कायद्याने मनाई आहे.

घरी आणल्यावर साल पूर्ण सोलावी, भुसभुशीत भाग सुरीने कोरून काढावा आणि तारेच्या ब्रशने घासून साध्या पाण्याने धुवावे. साबण अजिबात वापरू नये, कारण तो लाकडात मुरतो.

नंतर स्टीलच्या मोठ्या पातेल्यात, तांब्याच्या हंड्यात नव्हे, लाकूड एक-दोन तास उकळावे. बुरशी आणि किडींची अंडी मरतात, लाकडात पाणी शिरू लागते. पाणी कोऱ्या चहासारखे तपकिरी झाले की ते ओतून पुन्हा उकळावे. लांब तुकडा आळीपाळीने एकेका टोकाने बुडवावा.

पुढे तो बादलीत वजनाखाली बुडवून ठेवावा आणि दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलावे. सुटणारा रंग टॅनिनचा असतो. तो माशांना अपायकारक नाही, पाणी किंचित आम्लधर्मी करतो इतकेच, आणि बोअरच्या जड पाण्यात तेवढाही फरक सहसा जाणवत नाही.

तरीही लाकूड तरंगत असेल तर स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने ते दगडी चिपेवर बसवावे. शहाबादी फरशी चुनखडीची असल्याने पाण्याचा जडपणा वाढवते; आपल्याकडचा काळा दगड त्यासाठी उत्तम.

टाकीत ठेवल्यावर पहिल्या काही आठवड्यांत लाकडावर पांढरट बुळबुळीत थर येतो. तो निरुपद्रवी असतो, ब्रशने निघतो. पण कुजक्या अंड्यासारखा वास आला तर लाकूड लगेच बाहेर काढावे आणि टाकीतले निदान एक तृतीयांश पाणी बदलावे.