नव्याने आणलेला शॅमेलिऑन: पहिले काही आठवडे आणि प्रकृतीची उभारणी

नवा शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा झाडावरचा सरडा, घरी येतो तेव्हा तो बहुधा तहानलेला आणि भेदरलेला असतो. प्रवास, डब्यातला अंधार आणि अनोळखी माणसांचे हात यांमुळे त्याची बरीच शक्ती खर्च झालेली असते. निसर्गात पकडून आणलेला प्राणी असेल, तर त्याच्या पोटात जंतही असण्याची मोठी शक्यता असते. अशा वेळी त्याला भरभर खाऊ घालावे, हातावर घ्यावे, सर्वांना दाखवावे असे वाटणे साहजिक आहे. पण त्याला आधी स्वस्थता आणि पाणी लागते, मग योग्य ऊब व प्रकाश, आणि त्यानंतर अन्न. हा क्रम पाळणे हीच त्याची खरी शुश्रूषा आहे.

पिंजरा प्राणी येण्यापूर्वीच तयार असावा. पूर्ण वाढलेल्या व्हेल्ड किंवा पँथर जातीच्या शॅमेलिऑनसाठी साधारण ६० सेंटीमीटर लांब, तेवढाच रुंद आणि १२० सेंटीमीटर उंच असा जाळीचा पिंजरा योग्य ठरतो. तो जमिनीवर न ठेवता उंचावर ठेवावा, कारण आपण वरून वाकून पाहिले की या प्राण्याला शिकारी पक्षी आल्यासारखे वाटते आणि माणसाच्या डोळ्यांपेक्षा उंच फांदीवर बसायला मिळाले की तो लवकर निवळतो. आत मनीप्लांट, जास्वंद, शेफ्लेरा किंवा फायकस अशी दाट पानांची झाडे आणि वेगवेगळ्या जाडीच्या आडव्या फांद्या असाव्यात. त्याला पूर्ण लपता येईल इतकी पाने हवीतच. लपायला जागा असलेला प्राणी उलट अधिक वेळ उघड्यावर दिसतो. दुसरा शॅमेलिऑन, मांजर, कुत्रा किंवा स्वतःचे प्रतिबिंब यांपैकी काहीही त्याच्या नजरेस पडू देऊ नये. पहिले दोन आठवडे तरी पाणी, अन्न आणि सफाई यांखेरीज पिंजऱ्यात हात घालू नये.

पाण्याबाबत सर्वाधिक दक्षता हवी. शॅमेलिऑन सहसा भांड्यातले साचलेले पाणी ओळखत नाही. तो पानांवरचे थेंब चाटतो. त्यामुळे सकाळी आणि संध्याकाळी काही मिनिटे बारीक फवारा मारावा आणि शिवाय पानांवर हळूहळू थेंब पडत राहतील असे ठिबक भांडे वर ठेवावे. पाणी कमी पडले आहे का, हे शरीरच सांगते. डोळे खोल गेलेले दिसतात, कातडी सैल पडते आणि विष्ठेबरोबर पडणारा घट्ट पांढरा भाग पिवळा किंवा नारिंगी होतो. अशा प्राण्यासाठी कोमट पाण्याचा फवारा अधिक वेळ चालू ठेवावा, पण थेट तोंडावर मारू नये. जबडा उघडून बळजबरीने पाणी ओतणे तर कटाक्षाने टाळावे, कारण ते फुप्फुसात गेल्यास जीवावर बेतते. दोन फवाऱ्यांच्या मध्ये पाने आणि जाळी सुकली पाहिजेत; सतत ओल आणि कोंडलेली हवा यांतून श्वसनाचे विकार होतात.

ऊब पिंजऱ्याच्या एकाच वरच्या कोपऱ्यात द्यावी. व्हेल्ड आणि पँथर जातींना त्या फांदीवर साधारण २९ ते ३२ अंश सेल्सियस तापमान मानवते. जॅक्सनसारख्या डोंगराळ भागातील जातींना याहून कमी लागते. तापमान अंदाजाने न ठरवता, प्राण्याची पाठ जिथे येते तिथे मोजावे. दिवा जाळीच्या बाहेर असावा, कारण भाजेपर्यंत या प्राण्यांना कित्येकदा धोका कळत नाही आणि डोक्यावरचा तुरा किंवा पाठ होरपळते. रात्री मात्र पूर्ण अंधार आणि दिवसापेक्षा गारवा हवा; लाल किंवा निळा दिवाही लावू नये.

यूव्हीबी, म्हणजे उन्हात असणाऱ्या अतिनील किरणांच्या एका प्रकाराशिवाय, शॅमेलिऑनला अन्नातील कॅल्शियमचा नीट उपयोग करून घेता येत नाही आणि हाडे मऊ पडतात. ५ किंवा ६ टक्के यूव्हीबीची लांब टी-५ नळी (बारीक ट्यूबलाइट) दिवसाचे १२ तास सुरू ठेवावी. नळीचा उजेड दिसत राहिला तरी तिच्यातील यूव्हीबी कालांतराने क्षीण होतो, म्हणून ती साधारण वर्षाने बदलावी. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन या कामी उपयोगी पडत नाही.

सुरुवातीचे काही दिवस प्रौढ प्राणी खात नसेल, पण पाणी पीत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. पिल्लांच्या बाबतीत मात्र इतकी वाट पाहू नये. रातकिडे किंवा पाळीव झुरळे द्यावीत आणि किडा प्राण्याच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा नसावा. किड्यांना आदल्या दिवशी हिरव्या पालेभाज्या व गाजर खाऊ घालावे, म्हणजे ते पोषण पुढे पोहोचते. डी-३ जीवनसत्त्व नसलेली कॅल्शियमची पूड बहुतेक वेळा भुरभुरावी. डी-३ आणि जीवनसत्त्वांची पूड दोन आठवड्यांतून एकदा पुरते, कारण त्यांचा अतिरेकही अपायकारक असतो. उरलेले रातकिडे रात्री पिंजऱ्यात ठेवू नयेत. ते झोपलेल्या प्राण्याला चावतात. काजवे विषारी असल्याने चुकूनही देऊ नयेत.

पहिल्याच आठवड्यात ताजी विष्ठा सरपटणाऱ्या प्राण्यांचे ज्ञान असलेल्या पशुवैद्याकडे तपासणीसाठी न्यावी. जंताचे औषध स्वतःच्या मनाने देऊ नये. पाणी कमी पडलेल्या शरीराला ते झेपत नाही. आठवड्यातून एकदा वजन ग्रॅममध्ये नोंदवावे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी घसरणही कळते. दिवसा डोळे मिटून बसणे हे आजाराचे अत्यंत विश्वासार्ह लक्षण आहे. थंड जागी असूनही तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, तोंडाशी बुडबुडे येणे, पाय वाकणे, जबडा सुजणे किंवा जिभेची पकड सुटणे यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

मादी असेल तर आणखी एक तयारी लागते, आणि ती अनेकांकडून राहून जाते. व्हेल्ड आणि पँथर जातींच्या माद्या नराशिवायही अंडी घालतात. त्यासाठी सुमारे ३० सेंटीमीटर खोल ओलसर वाळूचे भांडे, बोगदा खणला तरी ढासळणार नाही इतपत दाबून, पिंजऱ्यात आधीपासून ठेवावे. ती अस्वस्थपणे तळाशी फिरू लागली की पिंजऱ्यावर कापड टाकून तिला एकांत द्यावा, कारण खणताना आपण दिसलो तर ती काम अर्धवट सोडते. अंडी न घालताच ती मलूल होऊन तळाशी डोळे मिटून पडली, तर अंडी अडकली असण्याची शक्यता असते आणि तिला त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे लागते.