फोर्ट लॉडरडेलचा तलाव: आधी पोहा, मग संग्रहालय बघा

फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलला पुळणीसमोरच्या सीब्रीझ बुलेव्हार्डवर फोर्ट लॉडरडेल अ‍ॅक्वाटिक सेंटर हे सार्वजनिक जलतरण संकुल आहे. त्याला लागूनच नामवंत जलतरणपटूंचा गौरव करणाऱ्या इंटरनॅशनल स्विमिंग हॉल ऑफ फेमचं संग्रहालय १९६० च्या दशकात उभं राहिलं. सुट्टीत मायामीला आलात तर साधारण ४५ किलोमीटर उत्तरेला यावं लागतं. शक्यतो सकाळचा वेळ पोहायला ठेवा आणि नंतर संग्रहालय बघा. स्वतः शंभर मीटर पोहून आल्यावर काचेमागचे विक्रमांचे आकडे फार वेगळे वाचले जातात.

निघण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून घ्या. पहिली, त्या दिवशी स्पर्धा आहे का. स्पर्धा असली की सर्वसामान्यांसाठीच्या लेन कमी होतात किंवा बंदच असतात. दुसरी, संग्रहालय उघडं आहे का. जुन्या इमारतींच्या जागी नव्या बांधण्याची योजना मंजूर झालेली आहे, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून जाऊ नका. संकुलाच्या वेबसाइटवरचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघा.

लेनमध्ये उतरण्यापूर्वी अंतर कोणतं आहे ते ओळखा. अमेरिकेतले असे तलाव बरेचदा ५० मीटर लांब आणि २५ यार्ड रुंद असतात, आणि लेन पाडणाऱ्या दोऱ्या कधी लांबीला तर कधी रुंदीला लावतात. २५ यार्ड म्हणजे २२.८६ मीटर. ‘शंभर’ म्हणून चार लेंथ मारल्यात तर प्रत्यक्षात ९१.४४ मीटर झाले, शिवाय वाटेत तीन वेळा भिंतीला पाय रोवून ढकलायला मिळालं. ५० मीटरच्या लेनमध्ये शंभरात एकच वळण. यार्डात पोहून आलेल्यांचा दम साधारण तिसाव्या-पस्तिसाव्या मीटरला जातो, कारण शरीराला त्याआधीच भिंत येण्याची सवय झालेली असते. म्हणून पहिल्या दिवशी सलग अंतर मारू नका. ५० मीटर आठ वेळा, प्रत्येक वेळी ३० सेकंद विश्रांती, इतकं पुरे. पहिली दोन मुद्दाम सावकाश पोहा आणि हात मोजा. नवशिक्याचे पन्नास-साठ हात होतात. शेवटच्या लेंथला तोच आकडा सात-आठने वाढला, तर हात पाण्यात घसरायला लागले आहेत असं समजा. तिथेच थांबा, दमलेल्या हातांनी पुढे रेटलं तर चुकीचीच सवय लागते.

खोलीचा अंदाज आधी घ्या. स्पर्धेच्या तलावात मध्येच पाय टेकवून उभं राहता येत नाही. विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेल्याला खोल पाण्याचं भय नसतं, पण फक्त उथळ तलावात शिकलेल्याची इथे मध्यावर घाबरगुंडी उडू शकते. सलग ५० मीटर जमत नसेल तर जीवरक्षकाला तसं सांगून भिंतीलगतची लेन मागा. लहान मुलं आणि शिकाऊ मोठी माणसं यांना शिकवण्याच्या तलावातच न्या.

एका लेनमध्ये दोघांहून जास्त असले की गोल पोहायचं असतं. अमेरिकेत उजवीकडून जायचं, म्हणजे तळावरची काळी पट्टी तुमच्या डाव्या हाताला राहते. आपल्याकडे डावीकडून चालायची सवय, त्यामुळे वळण घेताना हमखास चूक होते आणि समोरासमोर डोकी आपटतात. उतरताना आधी कोपऱ्यात बसा, लेनमधल्या माणसाने तुम्हाला पाहू द्या, मग पाय आधी सोडून उतरा. सूर मारू नका. पुढच्याच्या मागे किमान ५ सेकंद सोडून निघा. भिंतीवरचं मोठं सेकंदाचं घड्याळ त्यासाठीच आहे. पुढे जायचं असेल तर पायाला एकदा हलकेच स्पर्श करा, पुढचा भिंतीशी थांबेल. दमलात तर भिंतीच्या मधोमध उभं न राहता कोपऱ्यात सरका. वळणाची जागा मोकळी राहायला हवी.

उघड्यावर बॅकस्ट्रोकला, म्हणजे पाठीवर पोहताना, वर छत नसतं, त्यामुळे माणूस तिरका जाऊन दोरीवर आपटतो. नजर दोरीच्या कडेशी ठेवा. डोक्यावर झेंड्यांची माळ दिसली की भिंत जवळ आली: मीटरच्या मांडणीत ती भिंतीपासून ५ मीटरवर असते, यार्डाच्या मांडणीत १५ फुटांवर, म्हणजे ४.५७ मीटरवर. फरक जेमतेम अर्ध्या हाताचा, पण वळण चुकायला तेवढा पुरतो. झेंड्यांपासून भिंतीपर्यंत आपले किती हात लागतात ते सावकाश पोहून आधी मोजून घ्या.

उन्हाला कमी लेखू नका. सनस्क्रीन पाण्यात टिकणारं घ्या, उतरण्याआधी वीस मिनिटं तरी लावा, डब्यावर ४० किंवा ८० मिनिटं लिहिलेली असतील तितक्या वेळाने पुन्हा लावा. पोहण्याआधी साबणाने अंघोळ करा: तलावाचा जो उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात, तो क्लोरीनचा घामाशी आणि लघवीशी संयोग होऊन. सुती कपडे चालत नाहीत. गुडघ्यापर्यंतचा किंवा पूर्ण बाह्यांचा नायलॉनचा स्विमसूट घ्या. उन्हाळ्यात दुपारी गडगडाट होतो. तेव्हा सगळ्यांना बाहेर काढतात आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात उतरू देत नाहीत. जून ते सप्टेंबरमध्ये सकाळीच पोहून घेतलेलं बरं.

उंच मनोरा बघायला विसरू नका. हाय डायव्हिंगमध्ये पुरुष २७ मीटरवरून आणि स्त्रिया २० मीटरवरून उडी घेतात. इथे २७ मीटरचा कायमचा मनोरा आहे. एवढ्या उंचीवरून उडी घेणारा साधारण २.३ सेकंदांत पाण्याला भिडतो, ताशी सुमारे ८३ किलोमीटरने. म्हणूनच डोकं नव्हे, पाय आधी. विहिरीच्या ६ मीटर काठावरून मुटका मारला तर वेग ताशी ३९ भरतो, त्यातही पाठ चांगलीच भाजते. पाण्यावर फवारे सोडलेले दिसले तर तो नुसता देखावा नाही: शांत पाण्याचा पृष्ठभाग वरून दिसत नाही, हललेला दिसतो.

शंभर मीटरची आपली वेळ मोजा आणि ती मनात ठेवून संग्रहालयात शिरा. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जॉनी वाइसमुलर शंभर मीटर फ्रीस्टाइल ५९.० सेकंदांत पोहला. तेव्हा सूर मारायचे उंच ओटे (स्टार्टिंग ब्लॉक) नव्हते, गॉगलही नव्हते. २००२ च्या ऑगस्टमध्ये याच संकुलात नॅटली कॉफलिन शंभर मीटर बॅकस्ट्रोक ५९.५८ सेकंदांत पोहून एक मिनिटाखाली जाणारी पहिली स्त्री ठरली. म्हणजे पाठीवर पोहूनही ती वाइसमुलरच्या ऑलिंपिक वेळेच्या सहा दशांश सेकंदांपर्यंत पोचली. २०२४ मध्ये, पुन्हा पॅरिसलाच, पान झानलेने फ्रीस्टाइलचा विक्रम ४६.४० वर नेला. तुमची वेळ दोन मिनिटांची असेल तर एक मिनिटाहून अधिक फरक कुठे गेला, ते आता शरीराला कळतं.

वेळमापनाच्या वस्तू दिसल्या तर तिथे जरा जास्त थांबा. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर वैयक्तिक मेडलेत (एकानेच चारही प्रकारांत पोहायची शर्यत) गुन्नार लार्सन टिम मॅकीहून ०.००२ सेकंदांनी पुढे ठरला. त्या वेगाने तेवढ्या वेळात माणूस जेमतेम ३ मिलिमीटर सरकतो, आणि तलावाच्या दोन लेनच्या लांबीतच त्याहून जास्त फरक असू शकतो. म्हणून पुढे शर्यती शंभरांश सेकंदांपर्यंतच मोजायचं ठरलं. त्यामुळे ऑलिंपिकमध्ये आता दोघांना सुवर्णपदक विभागून मिळू शकतं.